बंदरातलं महाकाय जहाज फोटोत खोक्यासारखं का दिसतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: प्रवासात एखाद्या बंदराच्या शहरात पोचलं की समोर दहा-बारा मजली जहाज उभं असतं. बघून छाती दडपते, पण फोटो काढला की तेच जहाज लांबट खोकं होऊन बसतं. जवळून पूर्ण मावत नाही, लांबून मावलं तर भव्य वाटत नाही आणि चार पावलं पुढे टाकली की पहारेकरी हटकतो. जवळ मोबाइल आणि मोठ्या झूमचा एक छोटा कॅमेरा एवढंच आहे. नवी लेन्स घ्यावी का, आणि मुळात बंदरात फोटो काढू देतात का?

मी वीसेक वर्षं या नादात आहे. सुरुवातीच्या पाच वर्षांतले बहुतेक फोटो आज बघवत नाहीत, कारण मीही हेच करत होतो: धक्क्याला लागलेलं जहाज शोधायचं, जमेल तितकं जवळ जायचं आणि ते चौकटीत कोंबायचं. धक्क्याला बांधलेलं जहाज हा या छंदातला सगळ्यात अवघड विषय आहे. त्याची एक बाजू धक्क्याला चिकटलेली असते, आजूबाजूला शेड, कुंपणं आणि क्रेन असतात आणि मागे सरकायला जागा नसते. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की जहाज धक्क्यावर शोधू नका, वाटेत गाठा. बंदरात येताना आणि बाहेर पडताना त्याला कुठल्या ना कुठल्या चिंचोळ्या पाण्यातून जावंच लागतं, आणि त्या पाण्याच्या काठावर बहुतेक ठिकाणी सामान्य माणसाला उभं राहता येतं.

आधी मावण्याचा हिशोब करू. फुल-फ्रेमच्या (३६ मिलिमीटर रुंद सेन्सरच्या) मापाने लेन्स जितक्या मिलिमीटरची, त्याला ३६ने भागा आणि जहाजाच्या लांबीने गुणा. आडवं जहाज टोकापासून टोकापर्यंत मावायला तेवढं अंतर लागतं. मोबाइलची मुख्य लेन्स साधारण २४ मिलिमीटरची धरली तर लांबीच्या दोन तृतीयांश, म्हणजे ३०० मीटरच्या जहाजाला २०० मीटर. ५० मिलिमीटरला सव्वाचारशेच्या आसपास, १०० मिलिमीटरला आठशेच्या पुढे. दोन्ही टोकांना थोडं पाणी दिसावं म्हणून यात चौथा हिस्सा वाढवा. आता आकडे बघा: ‘क्वीन मेरी २’ ३४५ मीटर लांब आहे, ‘आयकॉन ऑफ द सीज’ ३६५ मीटरच्या आसपास, आणि २०२१मध्ये सुएझ कालव्यात आडवी अडकलेली ‘एव्हर गिव्हन’ जवळपास ४०० मीटर. धक्क्यावर आपल्याला मागे जायला मिळतात फार तर चाळीस-पन्नास मीटर. म्हणजे तिथे पूर्ण जहाजाचा नाद सोडून द्यायचा. दोष तुमच्या कॅमेऱ्याचा नाही.

अशा वेळी अल्ट्रा-वाइड (खूप रुंद दृश्य घेणारी) लेन्स वापरायचा मोह होतो. मला तो फोटो क्वचितच आवडतो. जवळचं टोक फुगतं, लांबचं टोक बाणासारखं निमुळतं होतं आणि मधलं जहाज केळ्यासारखं वाकतं. पॅनोरमाचंही तेच. जवळून उभं राहून मोबाइल फिरवला की सरळ डेक धनुष्यासारखा येतो. पॅनोरमा काढायचाच असेल तर लांबून, कॅमेरा उभा धरून, एकाच जागी पाय रोवून, सुटे सहा-सात फोटो घ्या आणि नंतर जोडा. प्रत्येक फोटो शेजारच्यावर तिसरा हिस्सा तरी चढलेला हवा. चालत्या जहाजाचा पॅनोरमा मात्र नको. एक धुराडं दोनदा आणि लाइफबोट अर्धवट असा प्रकार माझ्याकडे भरपूर साठलेला आहे.

आता भव्यतेबद्दल. प्रवासात सगळे एक चूक करतात. सोबतच्या माणसाला कॅमेऱ्यासमोर उभं करतात आणि मागे जहाज घेतात. माणूस कॅमेऱ्याच्या जवळ असला की तो मोठा होतो आणि जहाज खेळणं होतं. जहाजाचा आकार सांगणारी वस्तू कॅमेऱ्याजवळ नको, जहाजाजवळ हवी. टग (जहाज ओढणारी छोटी ताकदवान बोट), पायलटची (बंदरात जहाजाला वाट दाखवायला चढणाऱ्या स्थानिक जाणकाराची) छोटी बोट, नाळेवर (जहाजाच्या पुढच्या टोकावर) दोर हाताळणारे खलाशी, जहाजाच्या सावलीत आलेली शिडाची होडी. यांतलं एक जरी चौकटीत आलं तरी डोळा आपोआप माप घेतो. पायलट शिडीवरून चढत असेल तर सोन्याहून पिवळं. ती दोराची शिडी सरळ पाण्यापासून जास्तीत जास्त ९ मीटर चढायची असते. जहाजाचा काठ त्याहून उंच असेल तर तिला तिरकी धातूची शिडी जोडतात. पोलादाच्या त्या भिंतीवर नारिंगी जॅकेटातला एक माणूस चिकटलेला दिसला की वेगळं काही सांगावं लागत नाही. कंटेनर जहाजावर माप आयतं मिळतं. छोटा कंटेनर ६ मीटर लांब, मोठा १२, उंची अडीच मीटरहून थोडी जास्त. थर मोजता येतील इतका तपशील फोटोत राहू द्या.

दुसरी युक्ती लांबच्या लेन्सची, आणि तुमचा मोठ्या झूमचा छोटा कॅमेरा इथे कामाला येतो. जहाज समोरून किंवा तिरकं येत असताना २०० ते ४०० मिलिमीटरने घ्या. मागचं जहाज आणि पुढची घरं, झाडं, रस्ता हे सगळं एकमेकांवर येतं आणि जहाज गल्लीच्या टोकाला उगवल्यासारखं दिसतं. हा परिणाम लेन्समुळे येतो असं म्हणतात, पण खरं काम अंतराचं आहे. घर आणि जहाज दोन्ही तुमच्यापासून पुरेशी लांब असली की त्यांच्या आकारातलं नातं खरं उतरतं.

यासाठी जगभरात काही जागा नावाजलेल्या आहेत. बॉस्फरस सर्वांत अरुंद ठिकाणी जेमतेम ७०० मीटर रुंद आहे आणि दोन्ही काठांवर इस्तंबूलची वस्ती आहे, त्यामुळे घरांच्या रांगेमागून टँकर सरकताना दिसतात. रॉटरडॅमला जाणारी जहाजं हुक ऑफ हॉलंड आणि मासस्लाउसच्या समोरून जातात आणि काठावर निवांत बसता येतं. हॅम्बुर्गच्या अलीकडे वेडेलला १९५२पासून येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या जहाजांना त्यांच्या देशाचं राष्ट्रगीत वाजवून सलामी देतात आणि ध्वनिक्षेपकावरून जहाजाची माहितीही सांगतात. म्हणजे कोणतं जहाज, किती लांब, हे शोधायचेही कष्ट नाहीत. खुद्द हॅम्बुर्गमध्ये ६२ क्रमांकाची साधी प्रवासी फेरी घ्या. शहराच्या नेहमीच्या वाहतुकीतलीच आहे आणि कंटेनर धक्क्यांच्या समोरून जाते. उत्तर जर्मनीतल्या कील कालव्यात जहाजं ताशी १५ किलोमीटरच्या आसपास चालतात, काठाने सायकलची वाट आहे, त्यामुळे एकाच जहाजाला पुढे जाऊन पुन्हा गाठता येतं. तिथे २३५ मीटरपेक्षा लांब जहाज येत नाही, पण शेतातून चाललेलं जहाज बघायचं तर तिथेच जावं.

पनामा कालव्यावरच्या मिराफ्लोरेसला सगळे जातात आणि बरेचजण हिरमुसून येतात, कारण ते राक्षसी जहाजाच्या अपेक्षेने गेलेले असतात. जुन्या जलपाशांची (पाणी भरून-सोडून जहाज वर-खाली नेणाऱ्या दारांच्या हौदांची) रुंदी ३३.५ मीटर आहे. त्यातून ३२ मीटर रुंदीची जहाजं दोन्ही बाजूंना हातभर जागा ठेवून जातात, आणि तो चमत्कार तिथे बघण्यासारखा आहे. त्याहून मोठी जहाजं २०१६मध्ये सुरू झालेल्या ५५ मीटर रुंद नव्या जलपाशांतून जातात. ती जवळून पाहायची तर अटलांटिक बाजूच्या अग्वा क्लाराला जावं लागतं. आणि व्हेनिसच्या छपरांवर टेकलेल्या क्रूझ जहाजाचा जुना फोटो बघून कुणी निघणार असेल तर थांबा. १ ऑगस्ट २०२१पासून मोठ्या जहाजांना सान मार्को या मुख्य चौकासमोरून जायला बंदी आहे.

वेळ कशी साधायची? आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांवर एआयएस नावाचं यंत्र असावंच लागतं. ते जहाजाचं नाव, जागा, दिशा आणि वेग सतत प्रक्षेपित करतं, आणि मोबाइलवरच्या नकाशात ते फुकट दिसतं. मात्र त्यातल्या ‘पोचण्याची अपेक्षित वेळ’ या रकान्यावर विसंबू नका. तो जहाजावरच्या माणसाने हाताने भरलेला असतो आणि कधीकधी मागच्या बंदराचाच राहून गेलेला असतो. मी एकदा त्या वेळेवर भरवसा ठेवून लाटा अडवणाऱ्या बंधाऱ्याच्या टोकाला पहाटे चारला जाऊन बसलो आणि जहाज आलं दुपारी एकला, डोक्यावर ऊन घेऊन. वेग बघा आणि स्वतः हिशोब करा. १० नॉट म्हणजे मिनिटाला साधारण ३०० मीटर. जहाज खाडीच्या तोंडाशी आलं, वेग उतरवला आणि पायलटची बोट त्याच्याकडे निघाली, की ते येणार हे पक्कं. क्रूझ जहाजांचं त्या मानाने सोपं. ती बहुधा पहाटे येतात आणि संध्याकाळी निघतात, आणि बहुतेक बंदरं त्यांचं वेळापत्रक आधीच जाहीर करतात.

प्रकाशाची दिशा घरी बसून नकाशावर ठरवता येते. खाडी पूर्व-पश्चिम असेल तर उत्तर गोलार्धात दक्षिण काठ धरा, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. क्रूझ जहाजं बहुतेक पांढरी असतात आणि कॅमेरा पांढऱ्याला राखाडी करतो. म्हणून थोडं उजळ ठेवावंसं वाटतं, पण उन्हात पांढऱ्या रंगातला तपशील एकदा जळाला की परत येत नाही. मी हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघून तो उजव्या कडेला आदळू देत नाही आणि सावली नंतर उचलतो. दुपारी लांबची लेन्स विसरा. पाण्यावरची हवा थरथरते आणि कितीही महाग लेन्स असली तरी जहाज उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखं येतं. त्यावर एकच उपाय आहे, पहाटे जा किंवा जवळ जा. ढगाळ दिवस वाया गेला असं समजू नका. गंजलेल्या मालवाहू जहाजाला ढगच शोभतात.

नांगर टाकून उभी असलेली जहाजंही बघा. सिंगापूरच्या ईस्ट कोस्ट पार्कवरून ती डझनांनी दिसतात. नांगरावरचं जहाज वारा आणि प्रवाह जिकडून येतो तिकडे तोंड करतं, त्यामुळे सगळ्यांच्या नाळा साधारण एकाच बाजूला असतात. भरती-ओहोटी पालटली की सगळा कळप हळूहळू वळतो. सकाळी तुमच्याकडे पाठ करून उभं असलेलं जहाज दुपारी आडवं दिसू शकतं. भरती-ओहोटीचं कोष्टक हाताशी ठेवा.

आता परवानगीचा प्रश्न. १ जुलै २००४पासून आयएसपीएस ही आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियमावली लागू झाली आणि परदेशी जहाजं घेणारे धक्के कुंपणाआड गेले. कुंपणाच्या आत विनापरवाना जाणं हा गुन्हा आहे, मग हातात कॅमेरा असो वा नसो. कुंपणाबाहेरून, सार्वजनिक रस्त्यावरून काढलेला फोटो बऱ्याच देशांत चालतो, काही देशांत चालत नाही. बंदर, पूल आणि नौदल यांच्याबद्दलचे कायदे जागेगणिक बदलतात, त्यामुळे निघण्यापूर्वी त्या देशाचा नियम वाचणं भाग आहे. युद्धनौका, नौदलाचे तळ, सीमाशुल्काच्या रांगा आणि तपासणीची यंत्रं यांच्याकडे मी कॅमेरा वळवतच नाही. ड्रोनचा विषयच नको.

पहारेकऱ्याने हटकलं तर हुज्जत घालू नका. एका बंदरात मी ‘हा सार्वजनिक रस्ता आहे’ हे ठासून सांगत बसलो. माझं म्हणणं बरोबर होतं, पण खात्री होईपर्यंत दोन तास खोलीत बसवून ठेवलं आणि मी ज्या जहाजासाठी गेलो होतो ते तेवढ्यात निघून गेलं. आता मी आधीच जाऊन नमस्कार करतो, पडद्यावर दोन-चार जुने फोटो दाखवतो आणि ‘कुठून काढलेलं चालेल?’ असं विचारतो. दहापैकी सात वेळा तो माणूसच चांगली जागा दाखवतो. त्याने रोज पाहिलेलं असतं की जहाज कुठे वळतं.

रीतसर आत जायला मिळालं, म्हणजे क्रूझचे प्रवासी म्हणून किंवा बंदराच्या सहलीत, तर एक गोष्ट काटेकोर पाळा. जहाज बांधलेल्या ताणलेल्या दोरांच्या रेषेत कधी उभे राहू नका, आणि दोर ओलांडू तर नकाच. तो दोर तुटला तर चाबकासारखा मागे येतो आणि माणूस मारतो. फोटोत दोरांच्या त्या रेषा फार देखण्या दिसतात हे मलाही माहीत आहे. त्या लांबून, बाजूने घ्या.

धक्क्यावर मग काय काढायचं? तुकडे. नाळेखाली फुगलेला तो गोल नाकासारखा भाग जहाज रिकामं असलं की पाण्याबाहेर येतो. रिकामं जहाज उंच तरंगतं, तळाचा लाल रंग वर येतो आणि तेच जहाज भरलेल्यापेक्षा कितीतरी अजस्र वाटतं. पुढे-मागे आणि मध्ये पाण्याची खोली दाखवणारे आकडे असतात. मीटरच्या पद्धतीत एकेक आकडा १० सेंटिमीटर उंच आणि एका आकड्याच्या तळापासून पुढच्याच्या तळापर्यंत २० सेंटिमीटरचं अंतर. पाण्याच्या रेषेसकट ते आकडे घेतले की फोटोतच मोजपट्टी आली. मध्यावर वर्तुळ आणि त्यातून जाणारी आडवी रेघ दिसेल, ती प्लिमसोलची खूण. भार किती चढवायचा त्याची मर्यादा. झेंडे वाचायला शिका. लाल-पांढऱ्या उभ्या अर्ध्यांचा म्हणजे पायलट जहाजावर आहे, नुसता लाल म्हणजे धोकादायक माल, आणि निळ्यात पांढरा चौकोन म्हणजे जहाज सुटायच्या बेतात आहे. तो शेवटचा दिसला तर चहा सोडा आणि जागा पकडा.

हे तुकडे काढताना कॅमेरा वर उचलला की भिंती आत झुकतात. थोडी झुकायला माझी हरकत नाही, उंची जाणवते. पण अर्धवट झुकलेलं चुकल्यासारखं दिसतं. एक तर कॅमेरा पूर्ण सरळ धरा, नाहीतर नाळेच्या जवळ जाऊन बिनधास्त वर बघा.

रात्रीचा मोह सगळ्यांना असतो. सूर्यास्तानंतरची वीस-पंचवीस मिनिटं, आकाशात निळसर उजेड असताना, तेवढी खरी कामाची. त्यानंतर डेकवरचे दिवे जळून पांढरे होतात आणि बाकी काळोख उरतो. तिपाईवर ३० सेकंद उघडून ठेवलेल्या फोटोत धक्का धारदार आणि जहाज पुसट, असं झालं तर तिपाईला दोष देऊ नका. बांधलेलं जहाजही पाण्यावर हलतच असतं. आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदना) वाढवा, वेळ दोन-तीन सेकंदांवर आणा, आणि पाच-सहा फोटो घ्या. एखादा स्थिर येतो. आणि दिव्यांनी झगमगणारं मालवाहू जहाज तसंच झगमगत निघेल असं समजू नका. समुद्रात निघाल्यावर ते डेकचे दिवे मालवतं, कारण दिशादर्शक दिवे स्पष्ट दिसायला हवेत आणि ब्रिजवरच्या (जहाज चालवायच्या कक्षातल्या) माणसाला अंधारातलं बघायचं असतं.

तुम्ही स्वतः क्रूझवर असाल तर शेजारी लागलेलं जहाज ही पर्वणी. त्याच्या निघण्याच्या वेळी वरच्या डेकवर जा, कठड्याला कॅमेरा टेकवू नका, इंजिनाची थरथर त्यातून येते. हात शरीराशी धरा. दमट हवेच्या बंदरात थंड खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर आणला की काचेवर धुकं धरतं आणि दहा मिनिटं काही दिसत नाही. अर्धा तास आधी पिशवीसकट बाल्कनीत ठेवून द्या. खारे तुषार कोरड्या फडक्याने पुसू नका, मिठाचे कण घासतात. आधी गोड्या पाण्याने किंचित ओलावलेलं फडकं फिरवा, मग कोरडं.

लेन्स घ्यावी का, तर आत्ता नको. आहे त्यात मोबाइल आडव्या जहाजासाठी आणि झूम समोरून येणाऱ्यासाठी, एवढी वाटणी पुरे. खर्चच करायचा तर एक दिवस जास्त राहण्यावर करा. पोलरायझर फिल्टर मी पाण्याची चकाकी कापायला अधूनमधून लावतो, पण रुंद लेन्सवर आकाशाचे दोन रंग होतात, आणि संध्याकाळी तो प्रकाशही खातो.

एक शेवटचा फोटो मात्र दरवेळी काढा, दिसायला कितीही सामान्य असो: जहाजाची पिछाडी. तिथे नाव आणि नोंदणीचं बंदर असतं, आणि तिथे किंवा बाजूला ‘आयएमओ’ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) या अक्षरांपुढे सात आकडे असतात. नाव बदलतं, मालक बदलतो, झेंडा बदलतो, तो आकडा जहाज भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. त्या आकड्यावरून मी पाऊसपाण्यात काढलेलं एक जहाज बारा वर्षांनी दुसऱ्या खंडात, दुसऱ्या रंगात ओळखलं. बाजूने तिरपं ऊन पडलं होतं आणि नव्या नावाच्या रंगाखालून वेल्डिंगने उठवलेली जुनी अक्षरं दिसत होती.